आरोपी नंबर एक हजर आहे का?

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. कधी चढवले ते आठवत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत. मी तीस वर्षं उपनगरातल्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात काढली, त्यातली शेवटची बारा बेंच क्लार्क म्हणून. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या समोर खालच्या टेबलाशी बसून फायली वर देणारी आणि तारखा लिहिणारी बाई. त्या खुर्चीत हसायचं नाही, चिडायचं नाही, कुणाच्या बाजूनं मान हलवायची नाही. रिटायर झाले त्या दिवशी घरी आले, पंखा लावला आणि बारा वर्षांचं हसून घेतलं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

परवा मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बाकावर वाद पेटला. कायदा मोडणाऱ्या नेत्याला साध्या माणसापेक्षा जास्त शिक्षा हवी की नको? जोशीकाका म्हणाले, "डबल पाहिजे!" देसाईबाई म्हणाल्या, "डबल कसली काका, आधी सिंगल तर होऊ दे!" मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मत विचारू नका, मत देण्याची मला सवयच नाही. भाऊंची केस सांगते.

भाऊ म्हणजे आमच्या हद्दीतले एक माजी नगरसेवक. बॅनरवर 'नगरसेवक' हा शब्द हातभर आणि 'माजी' मुंगीएवढा! जोगेश्वरीकडच्या एका टेकडीवरच्या वस्तीत पाणी येत नव्हतं, म्हणून भाऊंनी हंडा मोर्चा काढला. बायका हंडे घेऊन नाक्यावर बसल्या आणि रस्ता तासभर बंद झाला. फोटो निघाले, भाऊ गाडीत बसून गेले आणि पोलिसांनी केस केली. आरोपी नंबर एक भाऊ. नंबर दोन ते नऊ, आठ बायका.

त्यातली नंबर चार शोभा वानखेडे. मूळची वाशीमकडची, एका शाळेत कंत्राटावर मदतनीस. बारा वर्षं पोरांची नाकं पुसल्यावर तिचं नाव कायम करायच्या यादीत आलं, आणि पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये शेरा पडला, 'केस प्रलंबित.' ऑफिसातून तिला सांगितलं, "केस मिटल्याचा कागद मार्च लागायच्या आत आण. नाहीतर यादीतून नाव जाईल."

आता केस मिटणार कशी? आरोपी नंबर एक येतच नव्हता! तो आला नाही की बाकीच्यांचंही काही पुढे सरकायचं नाही. आठ जणींनी यायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा आणि पुढची तारीख घेऊन घरी जायचं. अशी चार वर्षं गेली.

* * *

आमच्याकडे पुकारा करायचे गवस मामा. सावंतवाडीकडचे, उंचीनं पाच फूट, आवाज मात्र दोन मजले वर ऐकू जाणारा. केस निघाली की दारात उभं राहून आरोपीचं नाव तीनदा घ्यायचं, हे त्यांचं काम.

"प्रल्हाद गणपत सोनटक्के हाजिर आहे काय?"

एका तारखेला भाऊंचा एक कार्यकर्ता तरातरा पुढे आला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, हातात दोन फोन. "ओ मामा! नुसतं प्रल्हाद गणपत काय? वॉर्डात मान आहे त्यांना. भाऊसाहेब म्हणा!"

मामांनी त्याला खालून वर बघितलं. "ह्या कोर्टात सायब फक्त खुर्चेरचो. बाकी सगळे नावान येतत."

"अहो, पण काही रीत आहे की नाही?"

"आसा ना! आधी तेंका हंय आणा, मगे बघूया सायब म्हणाचा की नाय!"

आठही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी फाइलमध्ये डोकं घातलं, कारण मला हसायची परवानगी नव्हती.

* * *

नेता कोर्टात येत नाही तेव्हा त्याचा वकील गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज देतो. भाऊंचे अर्ज वाचून मला वाटायचं, हा माणूस जिवंत आहे हीच देवाची कृपा! कधी कंबर, कधी रक्तदाब, कधी डोळे आलेले. एकदा तर डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्याचा अर्ज होता. आमचं कोर्ट तळमजल्यावर.

मग आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. बारीक चणीच्या, चष्मा, आवाज कधी चढवायच्या नाहीत. पहिल्याच तारखेला भाऊंच्या वकिलांनी अर्ज दिला. "मॅडम, घसा पूर्ण बसलाय. डॉक्टरांनी एक शब्द बोलायची मनाई केलीय."

मॅडम अर्ज वाचत होत्या. उकाडा म्हणून खिडक्या उघड्या होत्या. आणि बाहेरच्या मैदानातून लाउडस्पीकरचा आवाज आला, "माझ्या बंधूंनो आणि माता-भगिनींनो!"

आमच्या हद्दीत तो आवाज कोण ओळखणार नाही? आठ जणींच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. मॅडमनी वर बघितलं. "वकीलसाहेब, हा कुणाचा आवाज?"

वकीलही मुरलेले. "रेकॉर्डिंग असणार मॅडम. जुनी भाषणं लावतात पोरं."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आज सकाळपासून माझी तब्येत बरी नाही, तरीसुद्धा मी इथे स्वतः हजर आहे!" आणि वर टाळ्यांचा कडकडाट.

मॅडम शांतपणे स्टेनोला म्हणाल्या, "घ्या. आरोपी क्रमांक एक हजर असल्याचं स्वतः सांगतो, परंतु कोर्टात नाही. अर्ज नामंजूर. वॉरंट काढा."

त्या दिवशी शोभा जाताना माझ्या टेबलाशी जरा थांबली. "ताई, या मॅडम चांगल्या दिसतात ना?" बोलायचं नसतं. पण तारीख लिहिताना महिन्याऐवजी पंधरा दिवसांची मिळावी म्हणून डायरीतली रिकामी जागा मॅडमपुढे सरकवली. तेवढं माझ्या हातात होतं.

* * *

वॉरंट निघालं म्हणजे माणूस येतो असं तुम्हाला वाटत असेल. आम्हालाही नोकरी लागली तेव्हा वाटायचं!

पुढच्या तारखेला हवालदार वॉरंट परत घेऊन आला. रिपोर्ट असा, 'दिलेल्या पत्त्यावर तीन वेळा भेट दिली, आरोपी मिळून आला नाही.'

मॅडम म्हणाल्या, "कुठल्या रस्त्यानं आलात तुम्ही आज?"

"नाक्यावरून मॅडम."

"मीही तिथूनच येते. नाक्यावर आरोपीचा बॅनर आहे. त्याच्यावर काय लिहिलंय?"

हवालदारानं चुळबुळ केली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत मॅडम."

"आणि खाली?"

"चोवीस तास आपल्या सेवेत."

"त्याच्या खाली?"

"ऑफिसचा पत्ता, मॅडम."

"मग जा ना! चोवीस तासांत कधीही गेलात तरी असतील."

* * *

याच सुमारास एक जण माझ्या टेबलाशी आला. तिशीचा, भाऊंच्याच पार्टीतला, तोंड एवढंसं झालेलं. हळूच म्हणाला, "मॅडम, हंडा मोर्चाच्या केसमध्ये माझं नाव नाहीये."

मला वाटलं, बिचाऱ्याला खात्री करून घ्यायची असेल. मी यादी बघितली. "नाही तुमचं नाव. काळजी करू नका. सुटलात!"

"सुटलो काय मॅडम? मी सगळ्यात पुढे होतो! घोषणा मी दिल्या! फोटोत पण आहे, हे बघा." त्यानं फोन माझ्या नाकाशी धरला. "नाव घालता येईल का आता?"

"अहो, आरोपी व्हायचंय तुम्हाला?"

"इलेक्शन जवळ आलंय. समोरच्यावर सहा केसेस आहेत आणि माझ्यावर एक पण नाही. तिकीट मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्याच्या मागे दोन हातांवर शोभा उभी होती. त्या एका नावापायी चार वर्षं रजा टाकणारी, मुख्याध्यापिकेची बोलणी खाणारी. तिनं सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन त्याला म्हणाली, "दादा, माझं घ्या ना! चार नंबर आहे. फुकट देते!"

तो बिचारा खरंच माझ्याकडे बघायला लागला, असं करता येतं का म्हणून. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, जा हो घरी!" बारा वर्षांत त्या खुर्चीतून मी आवाज चढवल्याची ती एकच वेळ.

* * *

डबा खाताना आम्ही तिघं, मी, गवस मामा आणि स्टेनो कांबळे. सोसायटीच्या बाकावरचा वाद आमच्याकडे तेव्हाच होऊन गेला होता.

मी म्हटलं, "भाऊंना बायकांपेक्षा जास्तच शिक्षा पाहिजे. रस्त्यात बसा म्हणून सांगितलं कुणी? यांनी. आणि भोगतंय कोण?"

कांबळे तत्त्वाचे पक्के. घरी हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि खाली कपाटभर पुस्तकं. "नाही ताई. कायद्यापुढे सगळे सारखे म्हणजे सारखे. आज नेत्याला जास्त दिलीत, तर उद्या दुसरा कुणी मोठा माणूस येऊन म्हणेल, मला वेगळा न्याय असेल तर मग कमीच द्या. एकदा वेगळं सुरू झालं की ते कुणाच्या फायद्याचं होतं, हे आम्हाला विचारा."

खरं होतं ते. मामा माशाचा काटा काढत म्हणाले, "माझ्या घरात नियम आसा. चपला घालून देवाच्या खोलयेत जावचा नाय. पोरगो गेलो तर घरकारीण ओरडता आणि इसारता. मी गेलंय तर दोन दिस बोलणा नाय. म्हणता, नियम तुमीच केल्यात मां?"

निकाल लागला नाही, डबे मात्र संपले.

आणि दुसऱ्याच आठवड्यात कांबळे स्कूटरवरून येताना वाकोल्याच्या सिग्नलला सापडले. हेल्मेट डोक्यावर नव्हतं, हँडलला लटकवलेलं! घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मी कोर्टात असतो." ट्रॅफिकचा हवालदार वयानं मोठा होता. चलान करत म्हणाला, "कोर्टात असता? अरेरे! मग तर तुम्हाला माहीत होतं!"

दुसरा कुणी असता तर लपवलं असतं. कांबळेंनी येऊन आम्हाला शब्दन् शब्द सांगितला आणि वर म्हणाले, "ताई, माझं म्हणणं बरोबर आहे. हवालदाराचं पण बरोबर आहे. नालायक फक्त मी आहे!"

* * *

वॉरंट ऑफिसच्या पत्त्यावर पोचलं आणि शेवटी भाऊ आले. पंधरा माणसं, तीन गाड्या, कडक इस्त्रीचा कुर्ता. पिंजऱ्यात उभं राहताना त्यांनी सवयीनं सगळ्यांना हात जोडले. आठ बायका आधीच उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत आरोपी पहिल्यांदाच पूर्ण हजर होते. केस भराभर पुढे सरकली आणि जानेवारीत साक्ष निघाली.

सरकारतर्फे साक्षीदार म्हणजे मोर्चाच्या दिवशी बंदोबस्ताला असलेला शिपाई. त्याला सरकारी वकिलांनी बायकांकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता?"

तो बिचारा एकेकीकडे निरखून बघत राहिला. शोभापाशी आला तेव्हा माझा हात लिहिता लिहिता थांबला. ती समोर बघत होती.

"नाही सांगता येणार मॅडम. दीडशे बायका होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर हंडे, चेहऱ्यावर पदर. या होत्या की दुसऱ्या, खोटं कशाला बोलू?"

भाऊंच्या वकिलांचा चेहरा उजळला. बायका ओळखू येत नाहीत तर भाऊ तरी कसे येतील? ते उठून मोठ्या ऐटीत म्हणाले, "आता आरोपी नंबर एककडे बघा. दीडशे माणसांच्या गर्दीत, एवढी वर्षं झाल्यावर, यांनाही तुम्ही खात्रीनं ओळखू शकत नाही. बरोबर?"

"यांना ओळखतो ना!" शिपाई एकदम म्हणाला.

"कशावरून?"

"अहो, हेच तर माइक घेऊन उभे होते! आणि चेहरा कसा विसरेन साहेब? माझ्या खोलीच्या खिडकीवर यांचाच बॅनर लागलाय. तीन महिने झाले, घरात उजेड नाही!"

कोर्टात हशा पिकला. मॅडमनी खोकल्यासारखं केलं. भाऊ मागे वळून कुणाकडे तरी रागानं बघत होते, बहुतेक बॅनर लावणाऱ्याकडे.

* * *

निकाल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लागला. शोभा सकाळी साडेदहालाच येऊन बसली होती. मार्चला चार दिवस राहिले होते. मी नेहमीसारखी फायली लावत होते, पण खरं सांगते, एकच फाइल तीनदा लावली. आयुष्यात शेकडो निकाल ऐकले, एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मॅडमनी वाचून दाखवलं. आरोपी क्रमांक दोन ते नऊ, ओळख पटलेली नाही, निर्दोष मुक्तता.

शोभाला कळलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बारा वर्षांचा नियम मोडून मान हलवली, हो. ती तिथंच मटकन बसली. बाजूच्या बायकांनी तिला धरलं, कुणी रडलं, कुणी हसलं. गवस मामा दारातून "शांतता! शांतता!" म्हणत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते. हुश्श! चार वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं.

मग आरोपी क्रमांक एक. जमाव जमवून रस्ता अडवल्याचं सिद्ध. वकील म्हणाले, "मॅडम, समाजसेवक आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी." मॅडमनी दया केली. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद.

बाहेरच्या लोकांना ही शिक्षा माहीत नसते. जेल नाही, बेडी नाही. मॅजिस्ट्रेट दिवसाचं काम संपवून उठेपर्यंत आरोपीनं कोर्टाच्या खोलीत बसून राहायचं, एवढंच. बाहेर जायचं नाही, बोलायचं नाही, फोन बंद. भाऊ हसतच मागच्या बाकावर जाऊन बसले. कार्यकर्त्यांनी हार आधीच आणून ठेवले होते.

पहिल्या तासात हसू गेलं. दुसऱ्या तासात त्यांनी खिशातला बंद फोन चार वेळा काढून बघितला. जेवणाच्या सुट्टीनंतर शेजारी चेक बाउन्सच्या केससाठी आलेले एक म्हातारे बसले होते. त्यांनी आस्थेनं विचारलं, "तुमची कितवी तारीख?" आणि उत्तराची वाट न बघता आपल्या सगळ्या तारखा पहिल्यापासून सांगायला घेतल्या. भाऊंना उठता येईना, गप्प करता येईना!

सात बायका केव्हाच घरी गेल्या होत्या. शोभा मात्र तिथंच होती, दुसऱ्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.

चारला बोर्ड संपला. एकही केस उरली नाही. मॅडम अशा वेळी उठतात, सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनी कुर्ता नीट केला. बाहेर ढोलकीवर थाप पडली.

मॅडमचं लक्ष शोभाकडे गेलं. "बाई, तुम्ही मोकळ्या झालात. घरी का नाही गेलात?"

शोभा उभी राहिली. "जाते मॅडम. दर तारखेला आम्ही बसलेल्या असायचो आणि हे नसायचे. आज हे बसलेत. एवढं एकदा बघून घेते."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्याच्या फायली तयार आहेत का हो? आणा सगळ्या. आज इथेच बसून वाचते."